आपत्ती समितीचे अध्यक्ष

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. वार्षिक तपासणी होती, सकाळी नऊ ते दुपारी तीन. तशी सूचना पंधरा दिवस आधीच खाली पत्रपेट्यांजवळ लावलेली होती आणि तिच्यावर रहिवासी संघाच्या आपत्ती समितीचे अध्यक्ष म्हणून बाबांचीच सही होती.

हॉस्पिटलमधून त्यांना आदल्या दिवशी घरी आणलं होतं. इथे जपानमध्ये तशी पद्धत आहे, माणूस जाण्याआधी एकदा आपल्या घरी येतो. दहनाची वेळ साडेअकराची मिळाली होती आणि ती बदलून मिळत नाही. अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची दोन माणसं काळ्या सुटात अकरा मजले चढून आमच्या दारात धापा टाकत उभी होती. लिफ्टच्या तंत्रज्ञाला कळलं तेव्हा तो बिचारा ओशाळून म्हणाला, अर्धा तास चालू करून देतो. समितीचे उपाध्यक्ष सहाव्या मजल्यावर राहायचे, मेट्रो चालवून निवृत्त झालेले. ते आईकडे बघत राहिले. मी तंत्रज्ञाचं म्हणणं आईला मराठीत सांगितलं.

आई म्हणाली, "तारीख त्यांनीच ठरवलीय ना? मग जिन्यानेच न्या."

मी ते जपानीत सांगितल्यावर उपाध्यक्षांनी मान लववली आणि खाली जाऊन सहा जणांना घेऊन आले. काळ्या सुटातल्या माणसांना त्यांनी नम्रपणे बाजूला केलं. शवपेटी खाली गाडीतच राहू दिली आणि बाबांना समितीच्या नारिंगी स्ट्रेचरवर घेतलं. कुणी कुठे उभं राहायचं, वळणावर कुणी हात उंच करायचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. सातव्या मजल्यावर ते सवयीने थांबले. तिथल्या बाईंनी सवयीनेच जवाच्या थंड चहाचा ट्रे बाहेर आणला. त्यात बाबांचाही ग्लास होता. तो बघून बाई गोंधळल्या, मग त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी प्यायले. दुसरं काय करणार होते?

हे लोक बाबांना दर वर्षी त्या जिन्याने खाली नेत आले होते. ते कसं, ते सांगते.

बाबा मूळचे साताऱ्याचे. मुंबईत एका बँकेच्या जोखीम विभागात होते. काय काय बिघडू शकतं याचा आधीच विचार करून ठेवायचा, हे त्यांचं काम. गोष्ट घडण्याची शक्यता किती, याला एक ते पाच गुण. घडलीच तर नुकसान किती, याला एक ते पाच गुण. मग दोन्हींचा गुणाकार. ही सवय ते घरीही आणायचे. जपानमध्ये आल्यावर आईला क्योतोला रात्रीच्या बसने जायचं होतं, त्या बसला बारा गुण पडले आणि आम्ही ट्रेनने गेलो. पुढे मी एका मित्राला घरी जेवायला आणलं. तो गेल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "सहा." मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "सहा म्हणजे बरं की वाईट?"

"मला आठ दिले होते," आई म्हणाली.

बँकेने त्यांना तोक्योला पाठवलं त्याच्या पहिल्याच वर्षी भूकंप झाला. मी पंधरा वर्षांची होते. आठवड्याभरात बाबांनी आईला आणि मला मुंबईला मामाकडे पाठवून दिलं आणि स्वतः राहिले, कारण शाखा उघडी ठेवायला कुणीतरी हवं होतं. रोज फोन यायचा. "अजून हलतंय," ते सांगायचे, "पण आता नियमितपणे हलतंय."

त्याच वसंतात बिल्डिंगच्या रहिवाशांची सभा झाली. बाबांना जपानी अजिबात येत नव्हतं. सूचनेवर हेल्मेटचं चित्र होतं म्हणून ते गेले. समितीचं अध्यक्षपद दर वर्षी चिठ्ठी टाकून ठरायचं. चिठ्ठी बाबांच्या घराची निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या. आपण काय झालो आहोत हे त्यांना चार दिवसांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कागद वाचून सांगितलं.

जूनमध्ये आम्ही परत आलो तेव्हा आमच्या हॉलमध्ये बारा हेल्मेटं, एक मेगाफोन आणि ते नारिंगी स्ट्रेचर होतं. बाबांनी सगळ्या चौदा मजल्यांचा तक्ता केला होता. चौथ्या मजल्यावरच्या मांजरी: शक्यता पाच, नुकसान एक.

"अहो, सोफ्यावर बसायचं कुठे?" आईने विचारलं.

"स्ट्रेचर मोकळं आहे," बाबा म्हणाले.

सप्टेंबरात पहिली कवायत झाली. अध्यक्षांनी मेगाफोनवरून सूचना द्यायच्या असतात. एव्हाना मला शाळेपुरतं जपानी येत होतं, म्हणून मी त्यांना देवनागरीत वाक्यं लिहून दिली. त्यातलं मुख्य वाक्य होतं, "ओचित्सुइते कुदासाइ", म्हणजे कृपया शांत राहा. बाबा घाईत मधली दोन अक्षरं खाऊन "ओचिते कुदासाइ" म्हणाले. म्हणजे कृपया पडा. जिन्यावरून उतरणारी पन्नास माणसं जागच्या जागी थांबली. बाबांनी अधिक जोरात तेच सांगितलं. तेव्हा एक वृद्ध गृहस्थ कठड्याला धरून, अध्यक्षांचा मान ठेवायला, हळूच पायरीवर आडवे झाले.

त्यानंतर मेगाफोन उपाध्यक्षांकडे गेला आणि बाबांना जखमी करण्यात आलं. जखमी व्हायला भाषा लागत नाही. अकराव्या मजल्यावर आमच्या दारातच ते स्ट्रेचरवर झोपायचे आणि सहा जण त्यांना खाली न्यायचे. बाबा अंगाने भरलेले होते. वाटेत ते डोळे मिटून प्रत्येक धक्का मोजायचे आणि खाली पोचल्यावर वहीत टिपायचे: नववा मजला, डावा खांदा. पुढच्या वर्षी नवव्या मजल्यावर डावा खांदा आपटायचा नाही.

एका वर्षी अग्निशमन दलाचा अधिकारी आला आणि त्याने जखमींच्या गळ्यात अडकवायच्या रंगीत पट्ट्या आणल्या. हिरवी, पिवळी, लाल, काळी. लोकांनी आपसात विचार केला की अध्यक्षांचं वय झालं, त्यांची पाठ दुखते, त्यांना जरा पडून राहू द्यावं. म्हणून त्यांना काळी पट्टी घातली आणि वरच ठेवलं.

"काळी म्हणजे काय गं?" बाबांनी मला विचारलं.

"म्हणजे तुम्ही गेलात, बाबा. आधी बाकीच्यांना न्यायचं."

ते स्ट्रेचरवर उठून बसले. "हे मूल्यांकन कुणी केलं? त्याचा आधार काय? अधिकाऱ्यांना विचार."

मी विचारलं. अधिकाऱ्याने टोपी काढली, बाबांपुढे वाकला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, क्षमस्व, पण कवायत संपेपर्यंत मृत व्यक्तीला आक्षेप घेता येत नाही."

बाबांना नियम पटला. ते परत आडवे झाले आणि चाळीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. आईने पोह्यांची बशी आणली तीही त्यांनी घेतली नाही.

चौदाव्या मजल्यावर नव्वदीच्या एक बाई एकट्या राहायच्या. शाळेत गणित शिकवलेल्या. त्या कुठल्याही कवायतीला खाली उतरायच्या नाहीत. एकदा बाबा त्यांचं मन वळवायला वर गेले ते दीड तासाने परतले, हातात लोणच्याची बरणी घेऊन.

"काय झालं?" मी विचारलं.

"जोखमीचे चार मार्ग असतात. टाळा, कमी करा, दुसऱ्यावर ढकला, नाहीतर स्वीकारा. बाईंनी चौथा घेतलाय."

"हे त्यांनी सांगितलं तुम्हाला? कुठल्या भाषेत?"

"चहा ओतला," बाबा म्हणाले, "आणि खिडकीजवळची खुर्ची दाखवली. कळतं ते."

त्यानंतर ते दर रविवारी वर जायचे. दोघं मिळून गणितं सोडवायचे. एका रविवारी बाबांनी त्यांना कागदावर मांडून दाखवलं की अध्यक्षपदाची चिठ्ठी सलग सहा वर्षं आपलीच निघाली आहे. बाईंनी बराच वेळ आकडे केले. मग कागद उलटा ठेवला आणि डबा उघडण्याची खूण केली. बाबा खाली घरी आले आणि त्यांनी समितीच्या सामानाच्या कपाटातला चिठ्ठ्यांचा डबा उघडला. सगळ्या चिठ्ठ्यांवर आमच्याच घराचा नंबर होता.

ते डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिले. मला वाटलं चिडतील. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतली लबाडी शोधलेला माणूस. मी म्हटलं, "उपाध्यक्षांशी बोलू का?"

"कशाला?" ते म्हणाले. "एकमताने झालंय." आणि डोळे पुसले.

तोवर त्यांची पोस्टिंग केव्हाच संपलेली होती. मुंबईला परतायचं सोडून त्यांनी इथल्याच एका लहान फर्ममध्ये नोकरी धरली होती. नातेवाइकांना सांगताना ते माझ्या शिक्षणाचं कारण द्यायचे. 

शेवटी हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तरुण डॉक्टरांनी धोके समजावणारा तक्ता समोर ठेवला. बाबांनी चष्मा लावला आणि माझ्यामार्फत त्यांना सांगितलं की शक्यता आणि नुकसान एकाच रकान्यात घातलंय, ते वेगळं हवं. डॉक्टरांनी तिथेच पेनाने रेघ मारून दोन रकाने केले. बाबांना समाधान वाटलं, त्यांनी सही केली. मग मला म्हणाले, "चांगला मुलगा आहे. चार." ऑपरेशन व्यवस्थित झालं. नंतर पाचव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते गेले, ज्या कारणाने गेले ते त्या तक्त्यात नव्हतंच.

दहनानंतर मी आणि आई अस्थी घेऊन नाशिकला गेलो. दोन्हीकडचे नातेवाईक जमले होते. रोज कुणीतरी आईचा हात हातात घेऊन रडायचं आणि आता तू इथेच राहा म्हणायचं. आई सगळ्यांना हो म्हणाली. तेराव्यानंतर तिने मला परतीचं तिकीट काढायला सांगितलं, दोघींचं.

"इथे सगळे आहेत तुझे," मी म्हटलं. "तिथे दिवसभर एकटी काय करशील?"

"इथे मला सगळे समजावतात गं," आई म्हणाली. "तिथे कुणाला माझी भाषा येत नाही. जरा शांतता मिळेल."

आता ती तोक्योतल्या एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करते. मुलं जेवताना तिच्याशी जपानीत बोलतात, ती त्यांना मराठीत उत्तरं देते. ताटातल्या भाज्या संपतात, असं ती सांगते. परवा पहिल्यांदाच तिला उशीर झाला. मी घाबरून, बाबांसारखे मनात गुण देत स्टेशनपर्यंत गेले, तर ती समोरून सावकाश चालत येत होती. वाटेत एका दुकानात कोहळा स्वस्त दिसला म्हणे. पिशवी माझ्याकडे दिली आणि पुढे चालायला लागली.