वंदनाताईंनी दिलेला शब्द

बोईसरच्या आमच्या प्रसूतिगृहात वंदनाताई नर्स म्हणून आल्या, तेव्हा त्यांची एक सवय मला खटकायची. कळा देणाऱ्या बाईला त्या आधीच सांगायच्या, "माजी ड्युटी आठला संपते. मग या दुसऱ्या सिस्टर येतील." घाबरू नको, मी आहे, असं त्या कुणालाच म्हणत नसत. मी टोकलं, तर म्हणाल्या, "मी हाय म्हणून सांगायचं नि निघून जायचं, हे करून बसलेय मी."

ताई एडवणच्या, बागायतदाराच्या घरातल्या. युद्धानंतर अफगाणिस्तानची उभारणी चालली होती, तेव्हा त्या तिथे सुईणी तयार करायला गेल्या. दवाखाना परदेशी मदतीचा, फाटकावर परदेशी सैनिक. खेड्यातले बाप मुलींना पाठवेनात. मग ताईच घरोघर फिरल्या. नर्गिस नावाच्या मुलीच्या बापाला म्हणाल्या, "पाठवा पोरीला. सगळी दुनिया तुमच्या पाठीशी हाय." दवाखान्यात येणाऱ्या परदेशी साहेबांच्या भाषणांत त्यांनी हेच ऐकलं होतं, आणि ते त्यांना खरं वाटलं होतं.

नर्गिसच्या हाताला गुण होता. तिनं अडलेल्या कितीतरी बायका सोडवल्या. बाप ताठ मानेनं गावात हिंडू लागला.

मग परदेशी फौजा परत निघाल्या, निधीही आटला. ताईंना विमानात जागा मिळाली. नर्गिसलाही घ्या म्हणून त्या भांडल्या, तेव्हा मदत संस्थेचा अधिकारी म्हणाला, "ती इथलीच आहे." समारंभात तिला शेजारी उभं करून फोटो काढून घेणारा हाच माणूस.

पुढे नर्गिसचा फोन आला. काम बंद, घराबाहेर पडणं बंद. परक्यांच्यात पोर धाडली म्हणून गाव बापाशी बोलत नव्हतं. "खाला," मावशीला म्हणतात तशी तिनं ताईंना हाक मारली, "दुनिया कुठे गेली?"

गेल्या वर्षी दुसऱ्या एका उद्ध्वस्त देशासाठी माणसं निवडणारे दोघे आमच्याकडे आले. पैसा आहे, संरक्षण आहे, म्हणाले. ताईंनी विचारलं, "तुमी निघाल तवा तितल्या पोरींना नेणार काय?"

"मॅडम, ते आमच्या हातात नसतं."

"मग त्यांच्या बापाला तुमीच जाऊन तसं सांगा. मी नाय येणार."

ते गेले. मला वाटलं, ताईंनी बरं सुनावलं. वळून पाहते तर त्या रिकाम्या खाटेवर बसून रडत होत्या.

"बायका तर तितंही अडतील ना गं," त्या म्हणाल्या. "त्यांनी कोणाला हाक मारायची?"