उभ्या गाडीची साक्ष

गॅरेजच्या पत्र्याखाली दुपार नुसती भाजून काढतेय. सर्जेराव मेलेल्या मेहुण्याच्या, मागून चेपलेल्या गाडीत स्टिअरिंगपाशी बसलाय. मांडीवर स्कॅनर, डोळ्यांवर झापड. सकाळपासून तो गाडीच्या संगणकाला विचारतोय आणि संगणक एकच सांगतोय, दोष नाही. महिन्यापूर्वी कुंभार्ली घाटात ट्रकने मागून उडवलं तेव्हा दाजी पिऊन होते, असं सारं पाटण म्हणतं. आता तेच अक्काला, त्यांच्या बायकोला, सख्ख्या भावाने सांगायचं. त्यापेक्षा झोप बरी. मान कलंडते.

मानगूट कुणीतरी धरतं.

"ऊठ की, शहाण्या."

शेजारी दाजी. अर्धा चेहरा जागेवर नाही, उरलेला अर्धा रागाने लाल.

"दाजी, तुमी?"

"मग काय तुझा सासरा?" दाजी त्याचं डोकं स्टिअरिंगवर आपटतात. हॉर्न कोकलतो. "महिनाभर बॅटरी काढून ठिवलीस. तवाचं समदं पुसलं गेलं. आन् त्यालाच इचारतोस?"

"पर आता बी समदं बराबर दावतंय…"

"उभ्या गाडीत मेलो न्हाय मी!"

पत्रा नाही. घाट आहे. गाडी चढावर, टँकरला ओलांडायला बाहेर काढलेली, मागे ट्रक. सर्जेराव ॲक्सिलरेटर दाबतो. या गाडीला केबल नाही. पाय किती दाबला याचे दोन निरोप पेडलमधून तारांतून जातात, संगणक ते ताडून बघतो, आणि जुळले नाहीत की इंजिनाचा गळा आवळतो. समोर पिवळा दिवा पेटतो. इंजिन नुसतं कण्हतं.

"दाब!" दाजी त्याच्या गुडघ्यावर बुक्क्या घालतात. "आजून दाब! म्या बी असाच दाबला हुता!"

काच फुटते. पत्रा पाठीत घुसतो. सर्जेराव अक्काच्या स्वयंपाकघरात पालथा पडलाय, ट्रकचं चाक फरशी फोडत फिरतंय आणि अक्का भाकरी थापतेय, वर बघत नाही. दाजी त्याला केसांना धरून फरपटत नेतात आणि ओट्याखालचं दार लाथेने उघडतात. आत इंजिन गचके देतंय. प्रत्येक गचक्याला तारांचा जुडगा बॅटरीखालच्या पत्र्याच्या धारेवर घासतोय.

"धर त्यो."

"हात कापंल, दाजी."

"माजं काय काय कापलंय, दावू?"

दाजी त्याचा हात मनगटापर्यंत आत कोंबतात. सर्जेराव गुरासारखा ओरडतो.

आणि जागा होतो. गॅरेज तेच, ऊन तेच. तळहात रक्ताने माखलाय, मधोमध तांब्याची केसाएवढी तार रुतलीय. ती न उपटताच तो बॉनेट उघडून बॅटरी सरकवतो. खाली जुडग्याचं कातडं सोललेलं, आतली तार जवळजवळ तुटलेली. तो चावी लावतो, स्कॅनर नजरेसमोर धरतो आणि जुडगा हलवतो. पेडलचे दोन आकडे एकमेकांना सोडून पळतात. पिवळा दिवा पेटतो.

दारात अक्का उभी आहे, हातात त्याचा जेवणाचा डबा.

"अक्का, दाजी पिले नव्हते गं. गाडीनंच दगा दिला."

अक्का डबा खाली ठेवते. त्याच्या हाताकडे बघते, मग तोंडाकडे.

"मला ठावं हुतं," ती म्हणते. "तुला आज कळलं व्हय?"

सर्जेराव मान खाली घालतो. हातातून रक्त गळत राहतं, आणि अक्का ते पुसायला पुढे येत नाही.