देवयानी आणि हायमास्ट

गेल्या डिसेंबरात, अमावास्येच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी सातच्या सुमारास वडनेरजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर किराणा दुकानदाराने दुर्बिणीच्या तोंडासमोर हात धरला. दुर्बिणीतून शाळेच्या भिंतीवर पडलेले देवयानी दीर्घिकेचे चित्र जागचे हलले नाही. त्यामुळे चित्र खोटे आहे, असे हजर असलेल्या बहुतेकांचे मत झाले.

दुर्बीण माझ्या भाऊजींची होती. ते याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मी नागपुरात एका दैनिकात काम करतो आणि त्या आठवड्यात रजा घेऊन बहिणीकडे गेलो होतो. पुढचे बरेचसे मी पाहिलेले आहे. जे पाहिले नाही, ते ताईने सांगितलेले आहे.

गावाला हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, मंजूर झाला होता. जागाही ठरली होती: पटांगणाचा रस्त्याकडचा कोपरा. त्यामागचे कारण साधे होते. हिंगणघाटला शिकवणीला जाणाऱ्या मुली शेवटच्या एसटीने फाट्यावर उतरतात आणि शाळेवरून चालत गावात येतात. रस्ता पूर्ण अंधारात. पावसाळ्यात तिथे घोणस निघाली होती आणि रानडुकरे बाराही महिने असतात. अशा दिव्याला विरोध करायला गावात कोणाकडे काही कारण नव्हते. भाऊजींकडे होते. घराच्या गच्चीवर शेजारच्या नव्या दुमजली घराचे दिवे येऊ लागल्यापासून ते दुर्बीण पटांगणावर लावत. गावाजवळ दुर्बीण लावता येईल अशी तेवढीच एक काळोखी जागा उरली होती. तिथे हायमास्ट लागला की दुर्बीण कपाटात जाणार होती. खांब फाट्यावर हलवावा, असे त्यांनी सरपंचांना सांगितले.

सरपंच त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या घरी आल्या, "जय भीम, सर" म्हणून ओसरीवर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "सर, खांब लागला तं काय जाणार हाये, थे एकदा गावाले दाखवा. दिसलं तं इचार करू. नाई दिसलं तं पोरी अंधारात येऊन राह्यल्या, थे मले दिसतेच."

अडचण अशी होती की भाऊजी गावाला आकाश वीस वर्षे दाखवत होते. दर हिवाळ्यात लोक रांगेने येत, भिंगाला डोळा लावत, "हो सर, दिसलं" म्हणत आणि बाजूला होत. भिंगातून देवयानी म्हणजे काचेवर कोणी श्वास सोडल्यासारखा पुसट डाग. सवय नसलेल्या डोळ्याला तोही दिसत नाही. पण ज्यांनी पाढे शिकवले ते बाजूला उभे असताना 'दिसत नाही' म्हणायची गावात पद्धत नाही. भाऊजींना याची कल्पना नव्हती. ती ताईने दिली, तीही मागच्याच वर्षी.

"मले तुमच्या दुर्बिणीतून काईच दिसलं नाई कधी," ती भाकरी थापता थापता म्हणाली.

"मग दिसलं काऊन म्हणत होतीस?"

"तुम्ही बाजूले उभे राहत होते न."

त्यानंतर भाऊजींनी कॅमेरा घेतला. तो दुर्बिणीत भिंगाच्या जागी बसतो आणि अतिशय मंद उजेड टिपतो. दर दहा सेकंदांनी एक फोटो काढतो. लॅपटॉप प्रत्येक नवा फोटो, तारे जुळवून, आधीच्या फोटोंवर चढवतो. एकेक थर चढतो तसे चित्र उजळत जाते. डोळ्याला जिथे डाग दिसतो, तिथे पाच-दहा मिनिटांत दीर्घिकेचे पट्टे दिसू लागतात. आकाशात जे आहे, ते थोड्या उशिराने का होईना, पण तिथल्या तिथे पडद्यावर पाहता येते.

त्या संध्याकाळी शाळेच्या डिजिटल वर्गातला प्रोजेक्टर बाहेर आणला होता. समोर सतरंज्या टाकल्या होत्या. थंडी होती म्हणून कोणीतरी दुर्बिणीच्या शेजारीच तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, शेकोटी पेटवली. धूर आणि उजेड नको म्हणून ती भाऊजींनी विझवायला लावली, आणि तेव्हापासूनच लोक थोडे नाराज होते.

चित्र वीस मिनिटांत चांगले जमले. मधे उजळ गाभा, दोन्ही बाजूंना तिरपी पसरलेली चकती, तिच्यात काळे पट्टे. भाऊजी म्हणाले की ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण आणि तिचा उजेड इथवर यायला पंचवीस लाख वर्षे लागतात.

"सर, लाइव हाये म्हणता न हे?" दुकानदाराने विचारले.

"हो."

"अन् पंचवीस लाख वर्षं जुनं?"

"हो."

"म्हणजे मी दुकानात शिळे पाव ठेवले तं ताजेच म्हणायचे."

लोक हसले. दुकानदार उठून दुर्बिणीपाशी गेला आणि हात समोर धरू का, असे त्याने विचारले. भाऊजी लॅपटॉपमध्ये पाहत होते. भिंगाला बोट लावू नका, एवढेच ते म्हणाले. त्याने हात धरला. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. देवयानी तशीच होती. त्याने हात हलवला, दुसराही धरला. फरक पडला नाही.

"यूट्यूब हाये बाप्पा," मागून कोणीतरी म्हणाले.

भाऊजींनी उभे राहून समजावले. हे जमा झालेले चित्र आहे. आतापर्यंतचे सगळे थर त्यात आहेत आणि ते हाताने पुसले जात नाहीत. हाताचा फोटो आला होता, पण त्यात एकही तारा नव्हता, म्हणून लॅपटॉपने तो नापास केला.

"तुमचाच लॅपटॉप हाये सर," दुकानदार म्हणाला. "नापासच करन."

तो सातवीला असताना गणितात नापास झाला होता, हे गावात सर्वांना माहीत होते. या वेळी लोक जास्त वेळ हसले. दोघे-तिघे उठून चपला शोधू लागले. भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

सरपंच बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सर, पुसा सगळं."

"अर्ध्या तासाचे थर आहेत."

"पुसा. आधी झाकू, मंग चालू करू."

त्यांनी अंगावरची शाल काढून दुर्बिणीच्या तोंडावर घातली. भाऊजींनी चित्र पुसले आणि नव्याने सुरुवात केली. भिंत काळी झाली. तिच्यावर बारीक करडे कण वळवळत राहिले. चपला शोधणारे उभ्याने पाहू लागले.

"काय दिसून राह्यलं?" एका म्हाताऱ्या बाईने विचारले.

"सरपंचबाईची शाल," दुकानदार म्हणाला.

सरपंचांनी शाल काढली. दहा सेकंद काहीच झाले नाही. मग तारे आले आणि मधे एक करडा डाग. पुढच्या फोटोला डाग वाढला. पुढच्याला त्याच्या कडा तिरप्या झाल्या. कण विरत गेले. मग पहिला काळा पट्टा दिसला. तेवढ्यात नागपूरकडे जाणारे विमान डोक्यावरून गेले. लोकांनी वर पाहिले. ते पुढे निघून गेल्यावर भिंतीवर देवयानीला छेदून एक पांढरी रेघ उमटली.

"वर बी गेलं अन् इथं बी गेलं," दुकानदार म्हणाला आणि सतरंजीवर जाऊन बसला.

ताई भिंतीजवळ गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या पाठीवर पडला तशी ती बाजूला सरकली.

"हे होतं व्हय," ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही आपले बोलत राह्यता."

"हेच बोलत होतो," भाऊजी म्हणाले.

सरपंचांची तपासणी संपली नव्हती. जिथे खांब येणार होता त्या कोपऱ्यात त्यांनी एक ट्रॅक्टर लावायला सांगितला आणि त्याचे दिवे पटांगणाकडे करून पेटवले. चित्र पुन्हा पुसून पुन्हा सुरू केले. भिंत राखाडी झाली. गाभ्याचा ठिपका राहिला, बाकीचे आले नाही. थर वाढले तशी भिंत फक्त अधिक पांढरी होत गेली. त्यांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला.

दिवे गेले त्याच वेळी फाट्याकडून तीन मुली आल्या. पाठीला दप्तरे, हातात मोबाइलच्या टॉर्च. पटांगणाजवळच्या वळणावर त्या एकमेकींना धरून चालत होत्या, कारण पुढे काय आहे ते टॉर्चमध्ये पुरते दिसत नव्हते. एवढी माणसे पाहून त्या थांबल्या.

"सर," सरपंच म्हणाल्या, "हे बी दिसलं न तुम्हाले?"

भाऊजी म्हणाले, "दिसलं."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला. मंजुरी ठरलेल्या जागेची होती. जागा बदलायची तर सगळे पहिल्यापासून करावे लागले असते. म्हणून खांब पटांगणाच्या कोपऱ्यातच लावायचे ठरले. त्याला वेगळे बटण बसवावे आणि अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, शेवटच्या एसटीतल्या मुली शाळेवरून पुढे गेल्यावर, दिवा बंद ठेवावा, असा ठराव सरपंचांनी मांडला. दुकानदाराने अनुमोदन दिले. भाऊजी मागच्या रांगेत होते. त्यांनी हात वर केला.

मार्चमध्ये खांब उभा राहिला. बटणाची पेटी खांबावरच आहे आणि तिची किल्ली सरपंचांकडे असते. ठरलेला पहिला शनिवार त्याच महिन्यात आला. मी पुन्हा रजा घेतली होती. त्या दिवशी एसटी उशिरा आली. मुली शाळेपाशी पोचल्या, तेव्हा आठ वाजून गेले होते आणि देवयानी मावळली होती. सरपंचांनी पेटी उघडून दिवा बंद केला. भाऊजींनी दुर्बीण मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली. मुली घरी गेल्या नव्हत्या. त्या दप्तरे घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या. नऊ वाजता त्यांना घरी जाता यावे म्हणून दिवा पुन्हा लावण्यात आला.