डाव्या कानातली ढोलकी

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घराचा लॉफ्ट आवरताना जुनी कॅसेट सापडली. लावली, आणि डावा कान पेटला.

ती भरली तेव्हा मी विशीत होतो. बाबा भीमगीतांना ढोलकी वाजवायचे. तिचं रेकॉर्डिंग मी दुप्पट वेगाने पळवलं, त्याचे तुकडे केले, खाली छाती हादरवणारा बेस भरला. इथल्या क्लबांत वाजतं तसलं सुसाट नाचाचं संगीत, माझं पहिलं ड्रम अँड बेस! स्पीकरसमोर माइक ठेवून ते कॅसेटवर भरत होतो, तेवढ्यात बाबा आत आले.

"माझे हात तोडलेस तू!" म्हणत त्यांनी कानाखाली जाळ काढला. मग लाथेने स्पीकर फोडला. माइक चालूच होता.

मी त्यांच्याशी कित्येक वर्षं बोललो नाही. आता बाबा नाहीत. आज कॅसेट पुन्हापुन्हा ऐकली. त्या बेभान वेगातही त्यांची थप्पड अचूक समेवर पडली होती.