खालून येणारा ठोका

दणक्या दिवसभर रंगाच्या दुकानात असायचा. गिऱ्हाईक कार्डावरच्या छटेवर बोट ठेवून म्हणणार, "अगदी हाच, पण जरासा उजळ," आणि दणक्या पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडून तो डबा हलवायच्या मशीनमध्ये अडकवणार. मशीन खडखडायला लागलं की याची बोटं काउंटरवर सुरू. मालक म्हणायचा, "अरे बाबा, मला एक मशीन पुरे आहे." दणक्याला ते ऐकू जायचं नाही. कलावंताला टीका ऐकू जात नाही, हा एक फार मोठा गुण असतो आणि तो दणक्यात ठासून भरला होता.

कारण दणक्या ड्रम वाजवायचा. चौघांचा बँड होता, आणि तोही स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे काय, तर गाणी हेच लिहिणार, हेच वाजवणार, भिंतीवर पत्रकं हेच चिकटवणार आणि स्पीकर जिन्यावरून हेच वर चढवणार. आपण कुणाचं ऐकायचं नाही असं यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. पुढे लोकांनीही यांच्याबाबतीत तेच ठरवलं, आणि दोन्ही पक्ष आपापल्या शब्दाला जागले. गाणारा विमा कंपनीत नोकरीला होता. त्याला सगळे कवी म्हणत, कारण तो गाणी लिहायचा आणि नंतर ती समजावूनही सांगायचा. गिटारवाल्याचं नाव दाढी, का ते सांगायला नको. बेस वाजवणारा मौनी. तो कधी काही बोलत नसे, म्हणूनच बँड अजून फुटला नाही, असं दणक्याचं प्रामाणिक मत होतं.

शहरात असे आणखी काही बँड होते, आणि अहो, काय तो जिव्हाळा! एकाचा कार्यक्रम असला की बाकीचे बँड हाताची घडी घालून मागे उभे. तेच श्रोते. पुढच्या आठवड्यात मागचे स्टेजवर आणि स्टेजवरचे मागे. गाणं पडलं की "आज साउंड मस्त होता" म्हणायचं, आणि चांगलं झालं तर लवकर घरी जायचं, असा शिरस्ता. ज्या कॅफेत हे चालायचं त्याचा मालक यांना नेमका असा वार द्यायचा ज्या दिवशी तिकडे कुत्रंही फिरकत नसे, आणि वर म्हणायचा, "तुमचं नाव होईल." नाव खरंच झालं होतं. जाड टायपात, पत्रकावर.

आता हे सगळं सोसत होती ती दणक्याची बायको. ती घरी शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली ड्रमची. खोली म्हणजे जणू देवस्थानच. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला रजई, आणि मधोमध ड्रम, त्यांच्यावर टॉवेल टाकलेले. घरातले सगळे चांगले टॉवेल ड्रमवर आणि विटके न्हाणीघरात, ही त्या घरची व्यवस्था होती. बायको पलंगावर कापड अंथरून, गुडघ्यांवर वाकून बेतायची. रात्री त्याच पलंगावर झोपायचं, त्यामुळे दणक्याच्या पाठीत टाचणी घुसणं नित्याचंच होतं. तो ओरडायचा. ती म्हणायची, "मला टेबल ठेवायला जागा दे, टाचण्या टेबलावर राहतील." तो म्हणायचा, "बघू या." लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं तो हेच बघत होता.

त्यांच्या घराखाली एक बाई एकट्या राहायच्या. आयुष्यभर टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड, पण रविवारी दुपारी बँडचा सराव चढला की झाडूचा दांडा उचलून छतावर ठोकायच्या. ठक, ठक, ठक. तीनच. चौथा नाही. मग जिन्यात भेटल्या की हसून विचारायच्या, "कसं चाललंय संगीत?" जणू ठोकणारी कुणी दुसरीच होती.

तर त्या वर्षी शहरात मोठा संगीत महोत्सव भरणार, आणि त्यात एक जागा इथल्या बँडला मिळणार, अशी बातमी आली. त्यासाठी निवड फेरी. झालं! सगळ्या बँडांचा जिव्हाळा एका दुपारीत आटला. कवीनं रजा टाकून गाणं लिहिलं. गाणं हळू सुरू व्हायचं, चढत चढत जायचं, मग कवी गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, "ऐकतंय का कुणी?" पुढे फक्त गिटारचं एक छोटं आवर्तन, आणि मग दणक्या पूर्ण ताकदीनिशी तुटून पडायचा. ती जागा आली की चौघांच्याही अंगावर काटा यायचा. हे गाणं बाहेर कुठेच वाजवायचं नाही, थेट फेरीतच काढायचं, असं ठरलं. चोरी होईल म्हणून. यांचं गाणं चोरणारा अजून जन्माला यायचा होता, पण काळजी घेतलेली बरी.

बायकोनं हे सगळं ऐकलं आणि तोंडात धरलेल्या टाचण्या बाजूला काढून ठेवल्या. तेव्हाच दणक्याच्या लक्षात आलं की मामला गंभीर आहे.

"निवड झाली तर खोली तुझी," ती म्हणाली. "पुन्हा टेबलाचं नावही काढणार नाही. नाही झाली तर खोली माझी आणि ड्रम बाहेर. कबूल?"

"अगं, पण..."

"माझी पाठ गेलीय रे. खरंच गेलीय. कबूल की नाही तेवढं बोल."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून तो घाबरला. कबूल म्हणाला. त्यानंतर महिनाभर त्याची झोप उडाली. खोली गेली तर ड्रम गेले, आणि ड्रम गेले तर तो फक्त रंगाच्या दुकानातला माणूस. लोक त्याला तेवढंच समजत होते, त्याचं त्याला काही नव्हतं. आपणही आपल्याला तेवढंच समजू, याची मात्र त्याला भीती वाटत होती.

फेरीच्या दिवशी सकाळीच खालच्या बाई मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा बँड गॅलरीत उभा होता. "शुभशकुन," कवी म्हणाला. "कलेचा शत्रू गेला." बाईंनी खालून हात हलवला. यांनीही हलवला, आणि पाठ वळताच एकमेकांना टाळ्या दिल्या.

फेरी एका शाळेच्या सभागृहात होती. परीक्षक तिघे होते. त्यांतला मधला गळ्यात मफलर घालून बसला होता, पंखे फुल चालू असताना. मागे नेहमीचेच श्रोते, हाताची घडी घालून. आणि दुसऱ्या रांगेत, लोखंडी खुर्चीवर, दणक्याची बायको. कित्येक वर्षांत ती कार्यक्रमाला आली नव्हती. "निकाल डोळ्यांनी बघायचाय," म्हणाली होती. चौघांचे काळे शर्ट मात्र तिनंच शिवून दिले होते. हरायचंच असेल तर निदान उसवलेल्या कपड्यात हरू नका, असं तिचं म्हणणं.

गाणं सुरू झालं. काय सांगू, खरंच चांगलं सुरू झालं! तिथल्या ड्रमवर टॉवेल नव्हते, दणक्याला आपलाच हात नवा वाटत होता. गाणं चढलं, आणखी चढलं, कवीनं डोळे मिटले आणि ओरडला, "ऐकतंय का कुणी?"

दाढीनं आवर्तन धरलं. एकदा झालं. दोनदा झालं. दणक्या काठ्या वर धरून बसला.

तो वाट बघत होता. कशाची, ते त्यालाच कळेना. काहीतरी यायचं होतं आणि ते आल्याशिवाय हात खाली पडेनात. त्यानं दाढीकडे पाहिलं. इशारा दाढी देतो अशी त्याची समजूत. दाढी कवीकडे बघत होता. त्याच्या मते इशारा कवीचा. कवीची पक्की खात्री होती की मोजतो तो दणक्या. आणि मौनी कुणाकडेच बघत नव्हता, नेहमीप्रमाणे. आवर्तन फिरतंय, फिरतंय. कवीला काही सुचेना, तो पुन्हा ओरडला, "ऐकतंय का कुणी?" सभागृहात चिडीचूप. मागे एका बँडवाल्याला आनंद लपवता येईना, तो बूट बांधायला खाली वाकला.

आता जरा दुसऱ्या रांगेत बघा. परीक्षक सोडले तर त्या सभागृहात कुठल्याही बँडमध्ये नसलेली ती एकटीच. गेल्या महिन्यातले सगळे रविवार भिंतीपलीकडे पलंगावर ओणवी होऊन तिनं हे गाणं इतकं ऐकलं होतं, की कात्रीसुद्धा त्याच्यावर चालायची. नवरा का थांबलाय हे तिला त्याच्याआधी कळलं. अरे देवा, हे येडे झाडूची वाट बघतायत! बाईंचा ठोका आला की सुटायचं, ही सवय हातांना लागली होती आणि डोक्यांना पत्ताच नव्हता. आणि तो ठोका आज सकाळी टेम्पोत बसून मुलीकडे गेला होता.

तिनं फक्त गप्प बसायचं होतं. आणखी दोन आवर्तनं, की हसू फुटलं असतं, आणि खोली तिची. टेबल कुठे ठेवायचं, हेसुद्धा तिनं ठरवलं होतं. खिडकीपाशी, उजेड डावीकडून. तिनं स्टेजवर पाहिलं. काठ्या वर धरून नवरा बसला होता, मेळ्यात आईचा हात सुटलेल्या पोरासारखं तोंड करून.

"मर मेल्या," ती पुटपुटली, पिशवीतली पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि पुढच्या रिकाम्या लोखंडी खुर्चीवर हाणली. ठक, ठक, ठक.

दणक्या असा तुटून पडला की मफलर हलला.

पुढचं काय विचारता! गाणं संपलं तेव्हा मागच्यांच्या हातांच्या घड्या सुटल्या होत्या. मफलरवाले उठून उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. "ती दीर्घ प्रतीक्षा! तो प्रश्न! आणि उत्तर थेट श्रोत्यांमधून! कलावंत आणि रसिक यांच्यातली भिंत तुम्ही पाडलीत." कवीनं नम्रपणे मान झुकवली आणि ही संकल्पना आपल्याला बरीच वर्षं छळत होती, असं सांगितलं. मौनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि बँडच्या इतिहासात पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "गप रे." निवड झाली.

बाहेर कवी धावत आला. "वहिनी, महोत्सवालाही हवं तुमचं ते. तीच खुर्ची, तीच बाटली!"

"बघते. कामं असतात मला," वहिनी म्हणाल्या.

दोघं घरी आली. तिनं कपडे बदलले, चहा टाकला, पलंगावर कापड अंथरलं आणि गुडघ्यांवर वाकली. उठताना कमरेवर हात ठेवून क्षणभर तशीच थांबली. हे ती रोजच करत असणार. दणक्यानं आज पाहिलं.

तो ड्रमच्या खोलीत गेला आणि पाना घेऊन स्क्रू सैल करायला बसला. चहा घेऊन ती दारात आली.

"हे काय? जिंकलास ना तू?"

"कुठे जिंकलो? तू ठोकलंस म्हणून."

"मी खोलीसाठी नाही ठोकलं. लोकांसमोर तुझं ते तोंड बघवेना मला."

"माहितेय," तो म्हणाला. "म्हणूनच काढतोय. तू गप्प बसली असतीस तर खोली तुझीच होती ना? मग झालं तर. मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो असतो गं. लाज वाटते सांगायला, पण बसलो असतो."

तिनं चहा खाली ठेवला आणि मोठ्या ड्रमची दुसरी बाजू धरली, कारण एकट्यानं तो दारातून निघत नाही.

ड्रम दुकानाच्या गोदामात गेले. मालकानं रविवारची परवानगी दिली, डबे अंगावर पडले तर तो जबाबदार नाही या अटीवर. खोलीत खिडकीपाशी टेबल आलं, शिवणमशीनला मोटर बसली. टॉवेल न्हाणीघरात परतले. त्यांना काठ्यांचे वळ होते, पण पाणी टिपायचे.

खालच्या घरात नवे भाडेकरू आले. पहिल्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, ती पडद्यांची लांब शिवण घालत होती, मोटर घरघरत होती, दणक्या ओट्याशी लसूण सोलत होता. आणि खालून आवाज आला. ठक. ठकठक. थोडं थांबून, ठक.

मशीन थांबलं. दणक्याचे दोन्ही हात लसणासकट हवेत होते.

"अगदीच बेताल गं हा माणूस," तो म्हणाला.

तिनं खोलीतून डोकं बाहेर काढलं. मग ती म्हणाली, "बाईंचा नंबर आहे का रे तुझ्याकडे? महोत्सवाला मी ठोकीन, पण चुकले तर? त्यांना बोलव. पहिल्या रांगेत बसव त्यांना."

दणक्यानं हात पुसले आणि फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला, आणि हा काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय रे, फेरीच्या दिवशी मी नव्हते. मग अडला असाल ना?"