नुसतं गरम पाणी

मी स्वभावानंच संशयी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते, भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघते, आणि रिक्षात बसण्याआधी मीटर शून्यावर आहे की नाही ते बघते. बंगळूरला राहायला आल्यावर हा गुण आणखी वाढला. आमचं गाव निपाणीकडचं, त्यामुळे कन्नड येत होतं. पण इथलं कन्नड आमच्या कन्नडपेक्षा मऊ, आणि मऊ बोलणाऱ्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, आम्ही बनशंकरीत राहत होतो तेव्हाची. सासूबाई गेल्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे कायमचे राहायला आले. जन्मभर शाळामास्तर होते. आल्यापासून दोन महिन्यांत त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, घरात काय काय आहे ते विचारलं आणि सांगितलं, हॉलमधला गालिचा एक तर काढा, नाही तर नीट साफ करून घ्या.

तो गालिचा माझा होता. लाल लोकरीचा, निळ्या काठाचा. लग्नात माझ्या वडिलांनी दिला आणि वर्षाच्या आत ते गेले. माहेरची म्हणावी अशी तेवढी एकच मोठी वस्तू माझ्याकडे. म्हणून मला मामंजींच्या खोकल्याचाच संशय आला. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली तरी जो माणूस खाकरत नाही, त्याला हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर ठसका कसा लागतो? त्यांना तो गालिचा पहिल्या दिवसापासून आवडलेला नव्हता. ‘चिखलाच्या पायांनी येणाऱ्याला दारातच परत पाठवणारी वस्तू’ असं ते म्हणाले होते. हा खोकला सोयीचा आहे, असं मी ह्यांना बोलूनही दाखवलं. हे नुसते हसले.

ह्यांच्या ऑफिसात नुकतेच भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे घातले होते. ते धुवायला एका कंपनीची माणसं मशीन घेऊन यायची. ह्यांनी त्यांनाच सांगून ठेवलं, आणि एका शनिवारी सकाळी त्यांच्यातला एक माणूस आमच्या दारात उभा राहिला. तिशीच्या आतबाहेरचा, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, हातात उभ्या सुटकेसएवढं मशीन. त्याला एक लांब नळी, नळीच्या टोकाला चपटं तोंड. मी कन्नडमध्ये विचारलं, किती वेळ लागेल? त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मराठीत म्हणाला, “अक्का, तुम्ही आमच्याच भागातल्या दिसतासा. मी चिकोडीचा.”

झालं. माझे कान टवकारले. परक्या गावात आपल्या भाषेत बोलणारा अनोळखी माणूस भेटला की लोकांना आनंद होतो. मला वाटतं, हा आता आपलेपणाच्या नावाखाली काहीतरी गळ्यात मारणार. मामंजींना मात्र आनंद झाला. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याची चौकशी सुरू केली.

“कायम आहेस का कामावर?”

“न्हाई मास्तर, तीन म्हैने बघत्यात. ह्ये मशीन माझ्या अंगावर दिलंय. म्हैना अखेरीपतूर नीट चाललं की कायम करत्यात. मग बायकोला आन् पोरीला घिऊन येतो. पोरगी चार म्हैन्याची झाली, म्या एकदाच बघितलीया.”

मामंजी खाकरले. मी मनात म्हटलं, हेही सांगायचं पाठच असणार. प्रत्येक घरात हीच पोरगी सांगत असेल.

मग त्यानं गरम पाणी मागितलं. मशीन पाणी तापवत नाही, घरचंच लागतं, म्हणाला. इथं माझा पहिला संशय पक्का झाला: एवढं मोठं मशीन आणि पाणी आमचं! त्यातही बोअरचं नको, नळाला येणारं कावेरीचं हवं. बोअरच्या जड पाण्यानं लोकर चरबट होते म्हणे. कावेरीचं पाणी आमच्याकडे दिवसाआड यायचं आणि मी ते स्वयंपाकाला जपून वापरायची. तरी नाइलाजानं दोन बादल्या बंबात ओतल्या. निपाणीहून आणलेला तांब्याचा बंब मागच्या न्हाणीघरात होता, त्यात करवंट्या घालून मी पाणी तापवत असे. त्यानं पाण्यात हात घालून बघितलं आणि म्हणाला, “बास. उकळायचं न्हाई. हाताला सोसंल तेवढंच, न्हाईतर लोकर आटती.”

मशीनला दोन टाक्या होत्या. एकीत हे पाणी भरायचं, त्यात तो एका बाटलीतून टोपणभर औषध घालायचा. नळीच्या तोंडातून गरम पाणी गालिच्यावर फवारलं जायचं आणि लगेच तेच तोंड ते पाणी परत ओढून घ्यायचं. ओढलेलं पाणी दुसऱ्या टाकीत जमा व्हायचं. तिचं झाकण पारदर्शक होतं, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसावं. सुरुवात करण्याआधी ती टाकी मी उघडायला लावली आणि आत हात फिरवून पाहिला. कोरडी होती. त्याला राग आला नाही, ह्याचाही मला संशय आला.

पाच मिनिटांत त्या टाकीत काळं पाणी जमू लागलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं. मी दर रविवारी तो गालिचा गच्चीवर नेऊन काठीनं झोडपत होते. शेजारच्या अक्का त्यावरून चेष्टा करायच्या. आणि आता मामंजींच्या समोर, एका परक्या पुरुषासमोर, माझ्या घरातली घाण अशी झाकणाखाली दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्टीलचा पेला आणून त्यात थोडं पाणी घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन बघितलं. माझी खात्री होती, ही धूळ नाहीच. बाटलीतलं औषध गालिच्याचा रंग खातंय. लाल काही दिसलं नाही. पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

अर्धा गालिचा झाल्यावर तो थांबला. “आता ह्या अर्ध्यावर एकदा नुसत्या गरम पाण्याचा हात मारतो अक्का. औषध आत ऱ्हायला नको. मग फुडचा अर्धा.” काळं पाणी ओतायला तो टाकी घेऊन मागे गेला. येताना मामंजींनी त्याला कॉफीसाठी बसवून घेतलं आणि चिकोडीच्या कुठल्याशा शाळेच्या गप्पा सुरू झाल्या.

मी न्हाणीघरात दुसरी बादली भरत होते. नुसत्या पाण्यानं औषध कसं निघेल? ह्याला काम उरकायचंय, दुसरं काय. आमच्याकडे लोकर आणि रेशीम रिठ्याशिवाय धुवायची पद्धतच नव्हती. आईनं कधी घोंगडीलाही साबण लावू दिला नाही. माझी एक रेशमी साडी धुवायची होती म्हणून पहाटेपासून पातेल्यात रिठा भिजत घातला होता. तो मी कुस्करला, फडक्यातून गाळला आणि सगळं पाणी बादलीत ओतलं. वर कढत पाणी घातलं. वाफेत रंगाचं काही कळत नव्हतं. वडिलांच्या गालिच्याला त्याच्या बाटलीतल्या औषधाऐवजी आपलं काहीतरी लागावं, एवढंच माझ्या मनात होतं. त्याला सांगावं असं वाटलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता.

“घ्या, नुसतं गरम पाणी,” मी म्हटलं. त्यानं ते टाकीत ओतलं.

दोन-तीन मिनिटं सगळं ठीक चाललं. मग पारदर्शक झाकणाखाली पांढरा फेस चढताना मला दिसला. तो गालिच्यावर वाकलेला होता, त्याला दिसत नव्हता. मी बोलायला हवं होतं. पण मी मनात म्हणत होते, बघा, हे त्याचंच औषध फेसाळतंय, आता कसा पकडला! फेस झाकणाला टेकला. मशीनचा आवाज एकदम बारीक झाला, मागच्या जाळीतून फेसाचे गोळे बाहेर पडले आणि जळक्या वायरचा वास आला. त्यानं धावत जाऊन प्लग ओढला.

तो जमिनीवर बसला आणि झाकण उघडलं. फेस फरशीवर सांडला. त्यानं दोन बोटं त्यात बुडवली, एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं.

“अक्का, पाण्यात काय टाकलासा काय?”

मामंजी दारापाशीच्या खुर्चीत बसले होते. त्या खुर्चीतून न्हाणीघराची वाट सरळ दिसते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वर्तमानपत्रात बघत होते.

“मी कशाला काय टाकू?” मी म्हटलं. “नुसतं गरम पाणी दिलं. बाटली तर तुमच्याकडे होती.”

त्यानं बोटं शर्टाला पुसली. मग म्हणाला, “व्हय. माझ्याकडनंच औषध ज्यादा पडलं असंल पयल्या टायमाला.” त्यानं सांडलेला फेस स्वतःच्या फडक्यानं पुसून घेतला, गालिचा हातानं दाबून कोरडा केला, आणि कंपनीचा गुलाबी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर गिऱ्हाइकानं शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं, ‘मशीन मध्येच बंद पडलं.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं ते वाचलं, खाली सही केली आणि मशीन उचललं. त्याच्या बोलण्यात आता पहिल्यासारखा मोकळेपणा नव्हता. “येतो मास्तर,” एवढंच म्हणाला.

मामंजी जिने उतरायचे नाहीत. त्या दिवशी उतरले. फाटक धरून उभे राहिले आणि त्याच्याशी काहीतरी बोलले. मी गॅलरीतून बघत होते, ऐकू काही आलं नाही. माझ्याबद्दलच बोलत असणार, असं मला वाटलं. आणि त्या दिवसातला माझा तेवढा एकच संशय खरा निघाला.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, तुमच्या कंपनीनं भंगार मशीन पाठवलं होतं. मामंजी जेवले आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मला राहवलं नाही. मी विचारलं, “काल फाटकाशी काय बोलत होता त्याच्याशी?”

“विचारलं त्याला, रिठा होता ना?” मामंजी म्हणाले. “आपल्या भागातला माणूस. घोंगडीत वाढलेला. त्याला रिठ्याचा वास कळणार नाही?”

“मग काय म्हणाला?”

“म्हणाला, असू दे मास्तर. अक्का न्हाई म्हणाल्या, मंजी न्हाई.”

मी उलट त्यांच्यावरच चिडले. “तुम्हाला दिसलं होतं तर तेव्हाच का नाही बोललात?”

मामंजींनी बशीत चहा ओतला. “तू त्याच्यासमोर खोटी पडली असतीस. घरातलं माणूस पडलीस तू. म्हणून गप्प बसलो. शाळेत असतो तर मीच मला छडी मारली असती.” आणि चहा तसाच ठेवून ते उठून गेले.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी कंपनीला फोन करायला गेले ती तिसऱ्या दिवशी. दोन दिवस मी स्वतःला समजावत होते, की त्याला काही होणार नाही, मशीन काय, दुरुस्त होतं. फोनवर एक मुलगी होती. मी विचारलं, तो चिकोडीचा माणूस आहे का? ती म्हणाली, तो गावी गेला, आता इथं नाही. औषध जास्त घातलं म्हणून मोटर जळली, त्यानंच तसं लिहून दिलंय. मी म्हटलं, “औषध नव्हतं. त्या पाण्यात मी रिठा घातला होता. त्याची काही चूक नाही.” पलीकडे कागदांचा आवाज आला. “सरी मॅडम,” म्हणजे बरं मॅडम, असं ती म्हणाली, “तुमची कंप्लेंट नोट केली. राहिलेल्या अर्ध्या गालिच्याला दुसरा माणूस पाठवू का?”

मी पुन्हा तेच सांगितलं, सावकाश. ती पुन्हा सरी म्हणाली. त्याचा पत्ता तिच्याकडे नव्हता. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं, तेही आता विचारून ठेवावं असं वाटलं. पण मागे लोक थांबले होते आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या माणसाला मी नको म्हणून सांगितलं. गालिचा हॉलमध्येच राहिला. त्याचा खिडकीकडचा अर्धा भाग लखलखीत लाल झाला होता, अगदी लग्नात होता तसा. रंग तसूभरही गेला नव्हता. दारापाशीचा अर्धा भाग आहे तसाच काळपट. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, हा असा दोन रंगांचा कसा? आणि मी दर वेळी सांगायची, धुताना मशीन बिघडलं.

मग आतल्या खोलीतून मामंजी खोकायचे. आता तो खोकला धुळीचा नव्हता, एवढं मला कळत होतं.