अमेरिकेतल्या गावाचा रविवार

२००८च्या मंदीत माझ्या जावयांची दुबईतली नोकरी गेली. अल बर्शातलं भाड्याचं घर, शाळेत जाणारी नात आणि व्हिसाचे उरलेले वीस दिवस. मुलगी स्वतःच्या ताटात भाजी कमी वाढून घेते, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पोलीस सेवेत बरेच तपास केले, पण निवृत्तीनंतरची ती सकाळ मनातून जात नाही. मी तिथे जाऊन आठवडाच झाला होता. खबर स्वयंपाकघरातून आली.

"बाबा, अमेरिकेत नोकरी देणारा सल्लागार उद्या येतोय. पासपोर्ट आणि डिग्रीचे ओरिजिनल कागद नेणार म्हणतो. तुम्ही नुसते समोर बसा."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तो कागद असा कुणाच्या हाती देत नाहीत, एवढं मला कळतं.

टाय लावलेला गृहस्थ आला. बारा वर्षं अमेरिकेत राहून मागच्याच महिन्यात परतलो, म्हणाला. "गाव मध्यम आहे, काका. मधून नदी, पूर्वेला कारखाने, पश्चिमेला घरं, टेकडीवर कॉलेज. शेजारी नवे आले की लोक केक घेऊन जातात." जावई फाइल उघडून ऐकत होते.

भूगोल चोख पाठ होता. अशा वेळी संशयिताला पाठांतराबाहेर काढून त्याच्या घरात न्यायचं, ही माझी पद्धत. मी चहा पुढे केला.

"मुलं तिथल्याच शाळेत?"

"हो, काका."

"सुट्टीला काय करायचात?"

"शुक्रवारी नदीवर मासे धरायला. रविवारी परत शाळा, ऑफिस, धावपळ."

जावयांनी मान डोलावली, मुलीनेही. दुबईत तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारी असे. दहा वर्षं तिथे काढलेल्या दोघांना काहीच खटकलं नाही. मी नवखा. नात रविवारी दप्तर घेऊन निघाली तेव्हा मी तिला दारात अडवलं होतं.

"अमेरिकेत रविवारी शाळा भरते?"

त्याचा कप बशीवर वाजला. "म्हणजे, आमच्या भागात..."

"जावई, फाइल मिटा. आणि साहेब, खरं सांगा. अमेरिका पाहिलीय?"

"शारजाच्या पुढे गेलो नाही, काका."

पोलिसांत तक्रार दिली. त्याच्याकडे आणखी चार जणांचे पासपोर्ट सापडले, ते ज्याचे त्याला मिळाले.

"खलास, बाबा. मी फाइल देणारच होतो," जावई म्हणाले.

"आणि मला म्हणत होते, तुझ्या बाबांना उगाच संशय येतो," मुलगी म्हणाली.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच: माणूस परकं गाव पाठ करतो, पण त्यात आठवडा स्वतःचाच जगतो.

व्हिसाचे चार दिवस उरले असताना तीच फाइल दाखवून जावयांना अल ऐनच्या एका इस्पितळात इंजिनियरची नोकरी मिळाली. नात पुढे तिथेच पदवीधर झाली. आज आमच्या घरात पदवीचे चार कागद आहेत, चारही मूळ.